स्प्लिट पिनच्या जागी खिळा

गेल्या वर्षी आषाढात भाचा त्याची पिकअप घेऊन दारात उभा राहिला. टोमॅटोचा हंगाम जोरात होता, तरी वाट वाकडी करून आला होता. "मामा, स्टेअरिंग बघा. एका बोटाने फिरतंय!" महामार्गालगतच्या एका गॅरेजात त्याने जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं होतं. बॉक्स, पंप, पाइप, सगळं भंगारातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे असलं कौतुक मला उभ्या उभ्या करता येत नाही. पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेलो. स्टेअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या ड्रॅग लिंकच्या टोकाला खाचांचा नट असतो. त्याच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून आरपार स्प्लिट पिन जायला हवी, म्हणजे नट कितीही हादरला तरी फिरत नाही. तिथे दीड इंची खिळा होता, वाकवून बसवलेला. सुतारकामाचा. गंजही धरला होता.

आधी भाच्यावर रागावलो, मग न पाहिलेल्या त्या मेस्त्रीवर. राग ओसरल्यावर वाटलं, हे दोघं एका मोठ्या बेफिकिरीचे शेवटचे धनी आहेत. ती बेफिकिरी कुठे कुठे आहे आणि काय करता येईल, ते मुद्दे घालून मांडतो.

१. हलकं स्टेअरिंग मागणं ही हौस नाही.

जुन्या पिकअपचं साधं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला चार-साडेचार फेरे लागतात. गाडी पळत असताना त्याचं काही वाटत नाही. बाजार समितीच्या आवारात मात्र जीव निघतो. गाळ्याला पाठ लावायची, पुढे हमालांची ये-जा, मागे दुसरी पिकअप, आणि गाडी जवळजवळ जागेवर असताना चाकं वळवायची. उभ्या गाडीचं चाक वळवायचं म्हणजे टायरचा तळ जमिनीवर पिळायचा. नारायणगावला टोमॅटो उतरवून पुन्हा शेतावर येणाऱ्या आणि रात्री वाशीची खेप धरणाऱ्या पोराला हे दिवसातून किती वेळा करावं लागतं ते कुणी तरी मोजावं. चाळिशीच्या आत खांदा धरलेले ड्रायव्हर मी पाहिलेत. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक ताई स्वतः फुलांची पिकअप चालवतात. त्या म्हणतात, हातापेक्षा कंबर आधी बोलते, कारण स्टेअरिंग त्या अंगाच्या जोरावर ओढतात.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उत्तम झालं. साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपवाल्याला तो नियम लागू नाही, आणि त्याचं स्टेअरिंग जड की हलकं हे तर कुणी विचारलेलंच नाही. नव्या अनेक पिकअपना आता कंपनीकडूनच पॉवर स्टेअरिंग येतं. प्रश्न जुन्यांचा आहे, आणि त्या गाड्या आपल्याकडे पंधरा पंधरा वर्षं पळतात.

२. कायद्यात दार आहे, पण या कामासाठी ते कुणी उघडलेलं नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे आणखी ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग सगळं मार्केटच आत टाकावं लागेल." त्याचं चुकत नाही. सगळेच दोषी असले की तपासणारा कुणाकडेच बघत नाही, किंवा मग सोयीने बघतो.

पण २०१९ च्या त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुकही घातलं आहे. गाडीत मागाहून काय, कोणत्या अटींवर बसवता येईल याचे निकष केंद्र सरकार ठरवू शकतं, आणि असा बदल केला म्हणून कंपनीची वॉरंटी रद्द समजू नये. या वाटेने चालून कुणी पोचलंय का? पोचलंय. सीएनजीवाले. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, आरसीवर नोंद, टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट. ऑगस्ट २०२२ मध्ये तर साडेतीन टनांच्या आतल्या बीएस-६ गाड्यांसाठीही ही वाट मोकळी झाली, डिझेल इंजिन बदलून गॅसचं बसवण्यासकट. म्हणजे अख्खं इंजिन उतरवून दुसरं चढवायला सरकारी वाट आहे, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावरचा भार कमी करायला नाही.

३. 'बदल' या एका शब्दात चार वेगळी कामं कोंबली आहेत.

झिजलेला टाय रॉड एंड काढून त्याच नंबरचा नवा घालणं ही दुरुस्ती. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे पॉवर स्टेअरिंग देते, ते त्याच्या सगळ्या भागांसकट जुन्या गाडीला बसवणं हे दुसरं काम. परक्या गाडीचा बॉक्स चासीला ब्रॅकेट वेल्ड करून लटकवणं हे तिसरं. आणि ड्रॅग लिंक लांबीला कमी पडते म्हणून मधोमध कापून, नळी घालून वेल्ड मारणं हे चौथं. पहिल्याला कुणाची परवानगी लागू नये. दुसऱ्याला ती सहज मिळावी. तिसऱ्याला तपासणीशिवाय मिळू नये. चौथं करणाऱ्याला मालकाच्या शेजारी उभं करावं. आज कागदावर दुसरं, तिसरं आणि चौथं एकाच मापाने मोजलं जातं, म्हणून माणूस स्वस्तातलं निवडतो.

४. स्टेअरिंग म्हणजे नुसता बॉक्स नव्हे.

हा मुद्दा जरा लांबवणार आहे, कारण गॅरेजात नेमकं हेच राहून जातं.

टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वाट दाखवतात. पुढच्या आसात डिफरन्शियल नाही, चाकं फिरवणारे शाफ्ट नाहीत. फोर-व्हीलच्या पुढच्या आसाला हात लावायला मेस्त्री कचरतो, टू-व्हीलचं मात्र सगळं उघडं आणि सुटसुटीत, म्हणून जो तो तिथे हात घालतो. जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म खाली येतो, त्याला ड्रॅग लिंक, ती एका चाकाच्या नकलला, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या सांध्याला, आणि तिथून टाय रॉड दुसऱ्या चाकाकडे. प्रत्येक सांध्यात बॉल जॉइंट.

आता चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंगच्या पाट्यांसकट आस वरखाली होतो. तो सरळ वर जात नाही. पाट्याचं एक टोक चासीला खिळलेलं असल्यामुळे तो थोडा कमानीत जातो. ड्रॅग लिंकचं चाकाकडचं टोकही कमानीतच जातं, पण ती कमान ड्रॉप आर्मच्या बॉलभोवतीची. कारखान्यात या दोन कमानी जमतील तितक्या जुळवलेल्या असतात. बॉक्स दोन इंच मागे सरकवा, ड्रॉप आर्म लांब घाला, किंवा गाडी उंच करायला पुढे एक पाटा जास्त टाका, की त्यांची फारकत होते. मग दर खड्ड्याला ड्रॅग लिंक नकलला ओढते किंवा ढकलते, आणि चाक आपल्या मनाने वळतं. ड्रायव्हर म्हणतो, "अलाइनमेंट गेलंय." अलाइनमेंटवाला टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, जुळवून देतो आणि पैसे घेतो. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तोच झटका. त्याचाही दोष नाही. टो-इन सपाट फरशीवर जुळतं, आणि हा रोग खड्ड्यात दिसतो.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. सायकल हात सोडून सरळ चालते, त्यात पुढच्या चिमट्याच्या कलतेपणाचाही वाटा आहे. पिकअपच्या किंगपिनलाही, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या पिनलाही, तसाच मागे झुकलेला कोन असतो. तो जास्त दिला तर वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात, पण स्टेअरिंग जड होतं. म्हणून साध्या स्टेअरिंगच्या गाडीत तो बेताचा ठेवतात, पॉवरवाल्या गाडीत वाढवता येतो. बेताच्या कोनाच्या आसावर पॉवरचा बॉक्स बसवला की काय होतं ते मी भाच्याच्या गाडीत पाहिलं. गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर हळू वळण घेतलं आणि हात सैल सोडले. स्टेअरिंग जिथे होतं तिथेच राहिलं. परत आलं नाही. एका बोटाने फिरतं म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, त्याला सरळ करायलाही दर वेळी एक बोट लागत होतं. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या ड्रायव्हरचं ते बोट कुठे असेल?

५. तापवलेलं लोखंड.

गॅरेजमधलं एक दृश्य मला अजून नीट आठवतं. दगडावर चढून वाकलेला टाय रॉड ऐरणीवर ठेवलेला, मेस्त्री गॅसची ज्योत त्यावर फिरवतोय, दांडा चेरीसारखा लाल होतोय. पोरगा घण घेऊन तयार. चार ठोके, डोळ्यासमोर धरून एक नजर, पुन्हा दोन ठोके, आणि मग शेजारच्या बादलीत चर्रर्र. वाफ निघाली, पोरगा हसला. सरळ झाला की नाही? झाला. नजरेला एकदम सरळ.

या भागांचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, ठरावीक वेगाने थंड करून मजबूत केलेलं असतं. लाल करून पाण्यात बुडवलं की तेवढा तुकडा काचेसारखा ठिसूळ होऊ शकतो, आणि त्याच्या शेजारचा, अर्धवट तापलेला, नको तितका मऊ. वेल्डच्या कडेलाही तीच गत. असा दांडा त्या दिवशी तुटत नाही, महिन्यानेही नाही. दर खड्ड्याला केसाएवढी चीर थोडी थोडी पुढे सरकते. तुटलेला तुकडा हातात आला तर बघा. जुन्या चिरेचा भाग काळपट आणि गुळगुळीत, शेवटी तुटलेला भाग खरखरीत आणि चकचकीत. टाय रॉड तुटल्यावर दोन पुढची चाकं दोन दिशांना बघतात, आणि ड्रॅग लिंक तुटली तर वर बसलेल्याच्या हातात स्टेअरिंगची नुसती थाळी उरते. स्टेअरिंगचा कोणताही दांडा, आर्म किंवा नकल तापवून सरळ करू नये, वेल्ड करू नये. इथे मधली वाट नाही.

६. लहान थाळी, रुंद टायर, स्पेसर.

४०० मिलिमीटर व्यासाची थाळी काढून ३५० ची 'स्पोर्टी' बसवली तर तेच चाक वळवायला सुमारे १४ टक्के जास्त जोर लागतो. तरफेचा नियम सातवीतल्या पोरालाही येतो. चाकं बाहेर काढायला स्पेसर घातले की खड्ड्याचा धक्का लांबलेल्या दांड्यावरून थेट हातात येतो, बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर जातात. गाडी ऐटदार दिसते, हे कबूल.

७. भाराबद्दल बोलल्याशिवाय स्टेअरिंगबद्दल बोलता येत नाही.

समजा गाडीची क्षमता १,५०० किलो आहे. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर ७५ क्रेट झाले, रिकाम्या क्रेटचं वजन सोडून. हंगामात शंभरावर क्रेट लावलेल्या पिकअप बघायला फार लांब जावं लागत नाही. फळी उघडी ठेवून मागे लोंबलेल्या रांगा तर नेहमीच्याच. मागच्या आसाच्या मीटरभर मागे २०० किलो माल लोंबला आणि दोन आसांमधलं अंतर तीन मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचं साधारण ६७ किलो वजन कमी होतं. पुढची चाकं हलकी झाली की पावसाळ्यातल्या चिखलट रस्त्यावर वळवूनही गाडी सरळच जाते, कारण मागची ढकलत राहतात. ड्रायव्हर म्हणतो, "स्टेअरिंग ऐकत नाही." मग गॅरेज. मग आणखी एक बदल.

जादा भारासाठी कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये दंड आहे. पण क्रेट भरताना ड्रायव्हरला कोण विचारतं? भाडं ठरतं खेपेवर, आणि खेपेत किती क्रेट हे माल देणारा ठरवतो. वजनकाटा बाजार समितीच्या दारातच असतो. आवारात शिरणाऱ्या पिकअपचं एकूण वजन आणि आरसीवरचं वजन पावतीवर शेजारी शेजारी छापायला फार मोठं तंत्र लागत नाही. दंड करू नका, नुसतं छापा.

इथे एक कडू गोष्टही बोलून टाकतो. जड स्टेअरिंग चहाडखोर असतं. भार जास्त झाला, किंगपिन सुकला, टायरमध्ये हवा कमी, हे सगळं ते हाताला सांगतं. पॉवर स्टेअरिंग त्याचं तोंड बंद करतं. म्हणून हलक्या स्टेअरिंगची बाजू मी घेतोय ती तपासणीच्या अटीवर.

८. घाट आणि बंद इंजिन.

ओतूरवरून कल्याणकडे जाताना माळशेज उतरायचा असतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग आजही आहेत. साध्या स्टेअरिंगच्या गाडीत तेव्हा निदान स्टेअरिंग तरी पूर्वीसारखंच राहायचं. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगचा पंप मात्र इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की मदत थांबते, आणि आता हाताला चाकांबरोबर तेलही ढकलावं लागतं. तेच स्टेअरिंग साध्यापेक्षा जड होतं, तेही ऐन वळणावर. ब्रेकचा व्हॅक्यूमही दोन-तीन दाबांत संपतो. पट्टा तुटला तरी स्टेअरिंगची तीच गत. कंपनीच्या गाडीत पट्टा, पुली आणि पाइप यांचा मेळ बसवलेला असतो. भाच्याच्या गाडीत तेलाचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून चार बोटांवर होता, क्लिप न लावता.

त्यात ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. गरिबाच्या रोजगाराच्या दृष्टीने निकाल बरा आहे. पण म्हणजे कारवर शिकलेला, कारचं हलकं स्टेअरिंग हातात बसलेला मुलगा उद्या भरलेली पिकअप घेऊन घाटात उतरणार. बंद इंजिनचा धडा त्याला कोणी दिलेला नाही.

९. फिटनेसच्या दिवशी गाडीखाली कोण जातं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ वाचण्यासारखा आहे. स्टेअरिंगची मोकळी चाल थाळीवर ३० अंशांपेक्षा जास्त नसावी, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिनांनी जोडलेल्या ठिकाणी त्या पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. खिळ्याची सोय तिथे नाही. ३० अंश म्हणजे किती? ४०० मिलिमीटरच्या थाळीच्या कडेवर सुमारे साडेदहा सेंटिमीटर, अर्धी वीत. बॉक्सचं प्रमाण २० ला १ धरलं तर चाकाला दीड अंशाची मोकळीक. तीन मीटर अंतराच्या आसांची गाडी साठच्या वेगात असताना चाक दीड अंश वळलं तर एका सेकंदात ती मीटरभर बाजूला जाते. दुपदरी रस्त्यावर तो मीटर समोरच्याचा असतो. माझ्या मते ही मर्यादाच ढिली आहे. पण निदान तेवढी तरी मोजा!

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. फिटनेसला जायच्या आदल्या दिवशी पिकअपवाल्यांची धावपळ बघा. रिफ्लेक्टरची पट्टी, मागच्या दिव्याची काच, नंबरप्लेट, रंगाचा हात. टाय रॉड एंड बदलून फिटनेसला गेलेला माणूस मला क्वचितच भेटला. आता स्वयंचलित तपासणी केंद्रं येताहेत, चांगलं आहे. साइड स्लिपच्या पट्टीवरून गाडी गेली की चाकं किती तिरकी घासतात ते कळतं, सांधा हलवणाऱ्या प्लेटवर चाक हलतं. पण ते हलताना खड्ड्यात उतरून, बॅटरी धरून, सांध्याकडे बघणारा माणूस लागतोच. खिळा यंत्राला दिसत नाही.

घरच्या घरी करायची तपासणी सांगून ठेवतो, पाच मिनिटं लागतात. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायचं. दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर तळहात टेकवायचा. दोन्ही भाग एकत्र हलले तर ठीक. एक आधी आणि दुसरा टक्क करून नंतर हलला, तर तो सांधा गेला.

१०. मागणी काय?

सीएनजीसारखीच वाट. मॉडेलनिहाय तपासलेलं किट, ज्यात बॉक्स, ड्रॉप आर्म, पंप, ब्रॅकेट, पाइप, आणि कॅस्टरची पाचरही असेल. भंगारातला सुटा बॉक्स नाही. बसवणारा नोंदलेला, आरसीवर नोंद, आणि सहा महिन्यांनी एकदा सांध्यांची तपासणी. अशी किट तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी तीन आपल्याच भागात आहेत. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. देशभरच्या कंपन्या आपल्या गाड्या इथे आणून तपासतात, आणि तासा-दोन तासांवरचा पिकअपवाला खिळ्यावर गाडी चालवतो.

सहामाही तपासणी आयटीआयकडे द्या. बहुतेक तालुक्यांत आयटीआय आहे, तिथे रॅम्प आहे, शिक्षक आहेत, आणि खऱ्या गाडीवर हात बसवायला आसुसलेली पोरं आहेत. आमच्या वेळी पोरांना वर्षानुवर्षं तोच एक कापलेला स्टेअरिंग बॉक्स दाखवावा लागे. तोही इतका स्वच्छ, की झीज कशी दिसते ते कळायचंच नाही.

११. "गरिबाच्या पोटावर पाय आणू नका."

हा आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मान्यताप्राप्त किट भंगारातल्या बॉक्सपेक्षा महाग पडणारच. पण भाच्याचा हिशोब सांगतो. भंगारातला बॉक्स आणि मजुरी मिळून त्याचे बावीस हजार गेले. मी सांगितल्यावर त्याने तो काढला, म्हणजे पुन्हा मजुरी. जुना बॉक्स गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता म्हणून वाचला. आता गाडी मूळ स्थितीत आहे, कायदेशीर आहे, आणि त्याचा उजवा खांदा रात्री शेकावा लागतो. सरकारमान्य वाट असती तर हेच पैसे तिकडे गेले असते. किटसाठी हप्त्यावर कर्ज द्यायला पतसंस्था तयार होतील का, हे त्यांना विचारलं पाहिजे. टायरसाठी देतातच.

उलट बाजूने आरटीओतले माझे एक जुने विद्यार्थी म्हणतात, "सर, परवानगी दिली की तिच्या आडून काहीही बसवतील." बसवतील. आज परवानगीशिवाय काहीही बसवतात. फरक एवढाच की उद्या कागद आणि गाडी ताडून बघता येईल.

१२. कागद.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिला केंद्र सरकारची वाट बघावी लागत नाही. स्टेअरिंगचं कुठलंही काम केलं की मेस्त्रीने काय काढलं, काय घातलं, ते सहीनिशी लिहून द्यावं. डॉक्टर चिठ्ठी देतो, मेडिकलवाला बिल देतो, आणि ज्याच्यावर रस्त्यातल्या सगळ्यांचा जीव त्या सांध्याचा कागद नाही, हे काही बरं नाही. बाजार समितीने आवारात येणाऱ्या पिकअपना असा कागद मागायला सुरुवात केली तर दोन हंगामांत गॅरेजांना सवय लागेल.

बॉक्स परत बदलायला भाच्याबरोबर मीही त्या गॅरेजात गेलो होतो. मेस्त्री तिशीतला, कामाला चपळ, हाताला कुठेही थरथर नाही. खिळा पुढे ठेवला तेव्हा खजील झाला. म्हणाला, "सर, त्या दिवशी पिना संपल्या होत्या, रात्र झाली होती, गाडीत माल भरलेला होता. म्हटलं उद्या घालू. गाडी परत आलीच नाही." मला ते पटलं. गाडीत माल भरलेला असताना थांबा म्हणायची सोय कुणालाच नसते. मग मी कागद मागितला. "लिहून दिलं तर उद्या काही झालं की माझं नाव निघेल की," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. थोडा वेळ हात पुसत उभा राहिला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: गाडी नंबर, तारीख, 'जुना बॉक्स परत फिट, ड्रॅग लिंकचे दोन्ही नट टाइट, नवीन स्प्लिट पिन २, टाय रॉडची चाल पाहिली, ठीक.' खाली सही.

पिनांचे पैसे त्याने घेतले नाहीत. खिळा तेवढा परत मागितला. मी दिला नाही.